सुपडूआबांनी सोडलेल्या खोल्या

सुपडूआबांना आमच्या कापसाच्या जिनिंगमधले लोक संत म्हणायचे. मी त्यांच्या शेजारच्या खोलीत आठ हंगाम काढले. मधली भिंत अर्ध्या विटेची होती, पलीकडचं बोलणं अलीकडे स्वच्छ ऐकू यायचं, त्यामुळे मला आता त्यांना संत म्हणवत नाही. पण खरं सांगायचं तर त्या आठांपैकी सहा वर्षं मी स्वतः त्यांच्यासारखं व्हायची धडपड करत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी कुणाला नावं ठेवायला लागलो की तुम्हाला माझीही आठवण राहील.

आबा ग्रेडर होते. कापसाची प्रत ठरवणं हे त्यांचं काम. गाडी आली की कोपरापर्यंत हात आत खुपसायचे, मधूनच एक बोंड ओढून काढायचे, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून त्याचा धागा ताणायचे आणि काळ्या बंडीच्या बाहीवर ठेवून बघायचे. मग एक आकडा बोलायचे आणि पुढच्या गाडीकडे वळायचे. त्या आकड्यानं शेतकऱ्याचा चेहरा पडला की खुलला, ते त्यांनी कधी पाहिलं नाही. मी वजनकाट्यावर बसायचो, मला ते सगळे चेहरे दिसायचे. एकदा मी त्यांना म्हणालो, "आबा, निदान तोंडाकडं तरी बघा माणसाच्या." ते म्हणाले, "तोंड दखं की हात खोटं बोलस, भो."

आमच्या शेठचं नरडाण्याला एक जिनिंग, भडगावला दुसरं आणि पिंपळनेरला खरेदीचं ठिकाण. जिथं कापूस जास्त येईल तिथं आम्हाला हलवायचे. उन्हाळ्यात जिनिंग बंद पडलं की आबा जळगावच्या डाळमिलमध्ये जायचे. अशी त्यांची तीस वर्षं गेली होती. एक लोखंडी पेटी, एक वळकटी, पातेल्यांचं एक पोतं आणि बायको, एवढं घेऊन ते फिरले. एक मुलगी होती. तिला नऊ शाळा दाखवून झाल्यावर तिनं सुरतचा नवरा पत्करला आणि परत तोंड दाखवलं नाही.

माझी त्यांची ओळख खिळ्यावरून झाली. नरडाण्याला पहिल्याच दिवशी मी खोलीत कॅलेंडर लावायला खिळा ठोकत होतो. आबा दारात आले, परत गेले, आणि पक्कड घेऊन आले. खिळा उपटला, भोकात ओला साबण भरला, वरून अंगठा फिरवला. "भिंतमा खिळा ठोकं की माणूस त्याले टांगायी जास," म्हणाले. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, घरी भावाशी वाटणीवरून भांडून आलो होतो. मला ते वाक्य फारच आवडलं. कॅलेंडर मी पेटीत ठेवून दिलं.

चाळिशीत कधीतरी ते दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला जाऊन आले होते. तिथून त्यांनी डोळे मिटून बसणं उचललं, बाकीचं स्वतःच्या पदरचं घातलं. पहाटे मांडी घालून बसायचे आणि मनातल्या मनात खोली रिकामी करायचे. आधी पेटी बाहेर काढायची, मग चूल, मग दोरीवरचे कपडे, मग खिडकी, मग भिंती. शेवटी आपण मोकळ्या रानात बसलो आहोत असं वाटलं की उठायचं. आजकाल या गोष्टीला मोठी नावं आहेत आणि शहरातली मंडळी ती मोबाईलवर शिकतात. शेठच्या पोरानं आबांचा एक व्हिडिओ काढला होता. मागं कापसाचा ढीग, पुढं आबा, "जठे ऱ्हाशात तठून रोज मनघाई निंघा", राहता तिथून रोज मनानं बाहेर पडा, असं सांगताहेत. तो इतका फिरला की धुळ्याहून लोक आबांना बघायला यायला लागले. शेठ त्यांना खुर्ची द्यायचा. शेठला आबांचं कौतुक का नसेल? आमच्या जिनिंगमध्ये पत्रा गळतो, संडासाला दार नाही, अशी तक्रार घेऊन कुणी गेलं की तो आबांकडे बोट दाखवायचा.

या सगळ्याच्या मुळाशी त्यांचं नाव होतं. त्यांच्या आधीची चार भावंडं दगावली. हे पाचवे जन्मले तेव्हा आईनं त्यांना सुपात घातलं, उंबऱ्याबाहेर ओढलं आणि शेजारणीला मूठभर ज्वारीवर देऊन टाकलं. आमच्याकडे ही रीत आहे. हे पोर आपलं नाही असं म्हटलं की मरण त्याच्याकडे बघत नाही, आणि म्हणून नाव सुपडू. आबा हे सांगताना अगदी रंगून जायचे. "मायनी 'हाऊ मना नही' असं सांगीसन माले वाचाडं. ज्याले मनं म्हनशी ते जास. ज्याले मनं नही म्हनशी ते ऱ्हास." हे ऐकून माणसं हात जोडायची. मीही जोडले आहेत.

एका पौषात शेठला कापसाच्या गाठी ठेवायला जागा कमी पडली. मागच्या शेडमध्ये सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेली मजूर कुटुंबं राहत होती. शेठनं स्वतः जायचं टाळलं, आबांना पाठवलं. मी बरोबर गेलो, कारण मला शिकायचं होतं. आबा मधोमध मांडी घालून बसले आणि पाऊण तास बोलले. इतकं सुंदर बोलले की माणसं आपणहून उठून बोचकी बांधायला लागली. एक म्हातारी तेवढी उठेना. तिची सून तीन दिवसांची बाळंतीण होती, गोधडीखाली पोराला घेऊन पडली होती.

"पाचवी होऊ द्या आबा," म्हातारी म्हणाली. "दोनच दिवस. पोरगं जन्मलं तिथंच सटवाई येते. दुसरीकडं कशी शोधंल ती?"

"सटवाईले पत्ता लागत नही, माय," आबा म्हणाले. "तुले लागस. म्हनीसन तुले दुख व्हस."

लोक हसले. मीही हसलो, वाक्यच तसं होतं. म्हातारी खजील झाली आणि तिनं सुनेला उठवलं. सगळे रेल्वेलाइनच्या बाजूच्या मैदानात उतरले. त्या रात्री थंडी इतकी होती की सकाळी टाकीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा आल्यासारखं वाटत होतं. ते कुटुंब दुसऱ्या दिवशी काम सोडून गावाकडं निघून गेलं. त्या पोराचं काय झालं ते मी कुणाला विचारलं नाही. तेव्हा मला तसं न विचारणं ही प्रगती वाटत होती.

आता सुमनअक्काविषयी. अक्का म्हणजे आबांची बायको. मी एकटा असल्यानं माझं जेवण तिच्याकडेच असायचं. ती भडगावकडच्या शेतकऱ्याची मुलगी. माहेरी परसात खापराची मोठी चूल, सणाला अख्ख्या गल्लीच्या पुरणपोळ्या तिच्यावर व्हायच्या, हे ती मला दर हंगामात एकदा सांगायची. नव्या खोलीत गेलो की पहिल्या दिवशी ती माती कालवायला बसे. गॅस होता, तरी कोपऱ्यात मातीची चूल घालायची, तीन दिवस हातानं लिंपत राहायची, कडेला बोटानं वेल काढायची. आणि हंगाम संपला की आबा तिला ती चूल मोडायला लावायचे. स्वतः मोडायचे नाहीत. "जिनी बनाडी तिनीच मोडाले पाहिजे," म्हणायचे, आणि ती मोडेपर्यंत समोर उभे राहायचे. पाठ वळवून मोडली तर चालायचं नाही. चुलीकडे बघत मोडायची. भिंतीपलीकडून मला फावड्याचा आवाज यायचा, आणि मी मनात आबांच्या कडकपणाला दाद द्यायचो.

मग पिंपळनेरचं साल आलं. तिथं आम्हाला एका निवृत्त मास्तरीणबाईंच्या घरी उतरवलं होतं. बाई विधवा, मुलगा परमुलखात, घर मोठं. मागची खोली आबा-अक्काला, ओसरीतली मला. मागच्या खोलीला परसाचं दार होतं. महिनाभरात बाईंना अक्काची सवय झाली आणि एक दिवस त्या म्हणाल्या, "सुमन, तू आता कुठं जाऊ नकोस. भाडं नको मला. संध्याकाळी दोन शब्द बोलत जा, झालं. आबांना जायचं असेल तिथं जाऊन येऊ देत."

अक्कानं आबांना विचारलं तेव्हा मी जेवत होतो. तीस वर्षांत तिनं पहिल्यांदा काही मागितलं असावं, कारण तिला शब्द सापडत नव्हते. मला वाटलं, आता प्रवचन होणार. आबा म्हणाले, "ऱ्हाऊत."

एवढंच. अक्का उठली आणि तिनं मला न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

त्यानंतरचे चार महिने मी अक्काला हसताना ऐकलं. तिनं परसदारी वालाचा वेल लावला. सुताराला बोलावून भिंतीत फळी ठोकून घेतली, आणि तो ठोकत असताना आबांनी स्वतः शिडी धरली. नवा माठ आला. दाराला पडदा आला. बाईंच्या नात्यातल्या बायकांत तिचं जाणं-येणं सुरू झालं, हळदीकुंकवाला तिचं नाव घेऊन बोलावणं यायला लागलं. आबा सगळ्याला मान डोलवत होते. मला वाटलं, म्हातारपणी माणूस मऊ झाला. थोडा हिरमुसलोच मी.

संक्रांतीनंतर वेलाला शेंगा धरल्या. पहिल्या तोडणीची भाजी अक्कानं आम्हा तिघांना वाढली, बाईंनाही वाटी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा म्हणाले, "सामान आवर. नरडाण्याले जानं शे. आते परत आठे येनं नही."

अक्कानं पेटी ओढून कपडे भरायला घेतले. बाई बोलल्या, रडल्या, आबांना नाही नाही ते म्हणाल्या. आबांनी हात जोडून सगळं ऐकून घेतलं. वेल त्यांनी अक्काच्या हातात विळा देऊन बुडाशी कापवला.

एसटीत मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. न राहवून विचारलं, "जायचंच होतं तर आधी हो का म्हणालात?"

"कच्चं तोडं ते परत फुटस, भो," आबा शांतपणे म्हणाले. "पिकू दिधं, मंग तोडं. आते ती परत कधी जागा मांगनार नही."

म्हणजे फळी ठोकताना शिडी धरली तेव्हाच त्यांनी हे ठरवलं होतं. शेंगांची भाजी खाताना त्यांना उद्याचं माहीत होतं, आणि त्यांनी दोनदा मागून खाल्ली होती. माझ्या अंगावर काटा आला. पण तो काटा मला तेव्हा भक्तीचा वाटला, आणि मी त्यांच्या पायाला हात लावला. पुढच्या बाकावर अक्का होती. तिच्या मांडीवरच्या पिशवीत त्या वेलाच्या राहिलेल्या शेंगा होत्या. साक्रीपासून धुळ्यापर्यंत ती शेंगा निवडत होती आणि त्यांचे दोरे खिडकीतून टाकत होती.

नरडाण्याला तिनं चूल घातली नाही. नंतर कुठंच घातली नाही. कामापुरतं बोलायची. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला तिच्याकडे हात करून सांगायचे, "इले बी साधी गयं आते." ती पाण्याचा तांब्या ठेवून आत जायची. लोक तिलाही नमस्कार करायला लागले होते.

असे दोन हंगाम गेले आणि पिंपळनेरहून निरोप आला. मास्तरीणबाई गेल्या होत्या. जाताना स्टॅम्पपेपरवर लिहून गेल्या होत्या, की मागची खोली सुमनकडे ती जिवंत असेपर्यंत राहील. मुलानं हरकत घेतली नव्हती, त्याला एवढ्या लांबच्या घराचं काही पडलं नव्हतं. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडचं बोलणं मी कान देऊन ऐकलं.

"परत वढ लागनी का जागानी?" आबांचा आवाज.

"लागनी."

"इतला वरीस मी काय शिकाडं तुले? मायनी माले सुपमा टाकं, मनं नही म्हनं, तवय मी जगनू."

"टाकं ना," अक्का म्हणाली. "आनि शेजारीननी उंबरावर ठेवताच मायनीच परत उचली बी लिधं. दूध पाजं. जलमभर सोडं नही तुमले. ते कोनले सांगतस नही तुम्ही."

मी भिंतीला कान लावून उभा होतो, आणि माझी सहा वर्षं त्या दोन वाक्यांत मातीत गेली होती. इतकी साधी गोष्ट. सूप उंबऱ्याबाहेर जातं ते परत आत आणण्यासाठीच, हे आमच्याकडे शेंबडं पोर जाणतं, आणि आम्ही सगळे हात जोडून अर्धीच गोष्ट ऐकत बसलो होतो.

"जा," आबा शेवटी म्हणाले. "मी नही येनार."

ती सकाळच्या गाडीनं गेली. आबांनी त्या दिवशीही पहाटे बसून खोली रिकामी केली. तसं त्यांनीच मला सांगितलं. "आज लवकर व्हई गयी," म्हणाले.

पुढं कापूस तपासायला मशीन आलं आणि आबांच्या आकड्याला किंमत राहिली नाही. शेठनं व्हिडिओमुळं त्यांना ठेवून घेतलं होतं. मग एक दिवस टाकीजवळ पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. धुळ्याच्या दवाखान्यातून परत आणल्यावर आठवड्याच्या आत शेठचा मला फोन आला. "नव्या ऑपरेटरला खोली पाहिजे. तुम्ही त्यांचे पट्टशिष्य, तुम्हीच बघा काय ते. आणि आबांनीच शिकवलंय आपल्याला, खोली अडवून बसायचं नाही." तो हसलासुद्धा. सुरतला फोन केला तर मुलगी म्हणाली, "आमना घरमा जागा नही." तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती खरंच एका खोलीत राहत होती.

राहिली अक्का. मी गाडी करून त्यांना पिंपळनेरला नेलं. वाटभर मला धास्ती होती की ती दार लावून घेईल, किंवा दारातच मागचं सगळं काढेल. तिनं काहीच केलं नाही. आबांकडे पाहिलं, पदर खोचला, पलंगावर चादर अंथरली आणि "इकडे आना" म्हणाली. मला तिच्याविषयी असं वाटल्याची लाज वाटली. परत येताना साक्रीला थांबून मी पोटभर जेवलो.

चार महिन्यांनी औषधं घेऊन गेलो. गल्लीतच दोन बायकांनी मला थांबवून अक्काचं कौतुक ऐकवलं. अंथरुणाला खिळलेला माणूस, पण अंगाला एक जखम नाही, रोज अंघोळ, रोज धुतलेलं धोतर. ते खरंच होतं. आबा स्वच्छ होते, दाढी केलेली होती. पलंग परसदारापाशी होता आणि ते डावीकडं मान वळवून बाहेर बघत होते.

मला पाहून त्यांचा अर्धा चेहरा हसला. मग डाव्या हातानं ते मला दाखवायला लागले. बाहेर कुंपणापाशी एक कोंबडी पिलं घेऊन उकरत होती. पलीकडे शेजाऱ्यांची म्हैस. त्यांनी म्हशीकडे बोट केलं, मग उन्हाकडे, मग बादली धरल्यासारखी मूठ केली. ऊन कुंपणाजवळच्या दगडावर आलं की तिची धार काढतात, असं त्यांना सांगायचं होतं. थोड्या वेळानं ऊन दगडावर आलं आणि शेजारीण बादली घेऊन आली. आबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू ती म्हैस त्यांनीच घेतली होती. तीस वर्षं शेजाऱ्याचं नाव न विचारलेला हा माणूस. "आठेच," ते म्हणाले. इथंच, तेवढा एक शब्द त्यांना परत आला होता. "आठेच... आठेच."

अक्का हात पुसत आली. "बरं व्हयनं भाऊ, तुम्ही ई ग्यात. मना एकलीघाई पलंग हालत नही."

"कुठं न्यायचाय?"

"त्या कोपरामा. कोठीमांगे."

कोपऱ्यात धान्याची पत्र्याची कोठी होती, तिच्यामागं पलंगापुरती जागा. तिथून भिंतीशिवाय काही दिसलं नसतं. "इथं बरं आहे की," मी म्हणालो. "उजेड आहे, वारा आहे. रमले आहेत ते."

"म्हनूनच," अक्का म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा. "आधी पुढला दारले व्हतात, तठे बी रमी ग्यात. मंग खिडकीले. आठे पंधरा रोज व्हयनात. आते म्हैस, कोंबडी, बठ्ठं पाठ व्हई गयं त्यासले."

ती वाकून त्यांची उशी नीट करत होती, केसावरून हात फिरवत होती. आबांना सगळं कळत होतं. त्यांनी मान हलवायला सुरुवात केली होती, नाही नाही नाही, आणि तो एक शब्द परत परत येत होता. मला "नको" म्हणता आलं असतं. पलंग माझ्याशिवाय हलणार नव्हता, हे तिनंच सांगितलं होतं.

"धरा भाऊ, पायथाकडथून," ती म्हणाली.

मी धरला. पलंग उचलला आणि जागचा हलेना. आबांनी डाव्या हातानं दाराची चौकट पकडली होती. इतकी घट्ट, की नखांखाली रक्त साकळलं होतं. मी पलंग खाली ठेवला, त्यांच्यापाशी गेलो आणि चौकटीवरून त्यांची बोटं सोडवायला लागलो. आधी अंगठा निघाला, मग त्याशेजारचं बोट. तिसरं सोडवताना पहिली दोन परत चौकटीला लागली. त्यांच्या डोळ्यांकडे मी पाहिलं नाही.

"हळू, भाऊ," अक्का मागून म्हणाली. "दुखी त्यासले."

मी हळू केलं. पाचही बोटं सुटली, ती मी माझ्या मुठीत धरून ठेवली, आणि दुसऱ्या हातानं पलंग उचलला.